थॉमस टेलफर्ड : पूल बांधणारा आणि पूल राखणारा

पुलाच्या तोंडाशी सहसा एक कोनशिला असते. उद्घाटन कोणी केले, कोणत्या साली केले, खर्च किती आला हे तीवर कोरलेले असते. तोच पूल पुढे पन्नास वर्षांनी कोणी तपासला, त्याच्या सांध्यांत चुना कोणी भरला आणि त्यासाठी पैसा कोठून आला, हे सांगणारी शिला मात्र माझ्या पाहण्यात नाही. पूल बांधणे हा सोहळा असतो. पूल राखणे हे रोजचे, कंटाळवाणे आणि बिनकौतुकाचे काम असते. त्यामुळे पूल बांधायला पैसा मिळतो आणि राखायला मिळत नाही. ही तक्रार आजची नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका गवंड्याने ती ओळखली होती आणि तिच्यावर उपायही शोधला होता. त्याचे नाव थॉमस टेलफर्ड.

स्थापत्यशास्त्र हा आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा प्रांत नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु टेलफर्ड स्वतः कविता लिहीत असे, कवींच्या संगतीत रमत असे आणि मरताना त्याने आपल्या पैशातला वाटा कवींना व वाचनालयांना ठेवला. तेव्हा आपल्या वार्षिकात त्याला चार पाने मिळायला हरकत नसावी.

टेलफर्डचा जन्म ९ ऑगस्ट १७५७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील एस्कडेल खोऱ्यात झाला. बाप मेंढपाळ होता. मुलगा काही महिन्यांचा असतानाच तो वारला आणि आईने मोलमजुरी करून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधाराने मुलाला वाढवले. गावच्या शाळेत जे शिक्षण मिळाले तेवढेच. नंतर तो लँगहोम या गावी एका गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. वडिलांच्या थडग्यावरची शिळा त्याने पुढे स्वतःच्या हाताने घडवली. लँगहोममधल्या एका सुशिक्षित बाईने त्याला आपल्या संग्रहातील पुस्तके वाचायला दिली. दिवसा छिन्नी-हातोडा आणि रात्री मिल्टन असा त्याचा क्रम सुरू झाला. एस्कडेलच्या निसर्गावर त्याने एक दीर्घ कविता लिहिली आणि ती छापूनही आली.

लँगहोमच्या पुलाची एक गोष्ट त्याचा चरित्रकार सॅम्युएल स्माइल्स याने दिली आहे. एस्क नदीवरचा हा पूल टेलफर्डच्या उस्तादाने बांधला होता व त्यावर टेलफर्डनेही काम केले होते. करारात अशी अट होती, की पूल सात वर्षे धड राहील याची जबाबदारी उस्तादाची. पुढे एकदा नदीला जबरदस्त पूर आला. उस्ताद गावाला गेलेला. पूल गेला तर आपला संसार बुडाला, या भीतीने त्याची बायको रडतओरडत पुलावर धावली आणि कठड्याला पाठ लावून पूल सावरू लागली! टेलफर्ड आला तेव्हा ती तशीच उभी होती. त्याला हसू आवरेना. पूल थोडा हलतो आहे म्हणजे तो नीट बांधला गेला आहे, अशी त्याने तिची समजूत घातली. पूल टिकला, आणि तो आजही उभा आहे.

ही गोष्ट विनोदी म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वेगळेच काही दिसते. त्या करारामुळे पुलाला एक धनी होता. पूल कोसळला तर कोणाचे घर बुडणार, हे ठरलेले होते. म्हणून पुराच्या रात्री निदान एक माणूस तरी पुलाकडे धावला. ज्या पुलाला असा धनीच नसतो, त्याच्याकडे पुराच्या रात्री कोण धावणार?

१७८० मध्ये टेलफर्ड एडिंबरोला आणि १७८२ मध्ये लंडनला गेला. तेथे सॉमरसेट हाउस या प्रचंड इमारतीवर त्याने दगड घडवले. मग पोर्टस्मथच्या गोदीत बांधकामांवर देखरेख केली. विल्यम पुल्टेनी या धनाढ्य लोकप्रतिनिधीचा त्याच्यावर लोभ होता. त्याच्यामुळे टेलफर्ड श्रूसबरीला आला आणि १७८७ मध्ये श्रॉपशर परगण्याच्या सार्वजनिक बांधकामांचा सर्वेक्षक झाला. तीस वर्षांचा हा माणूस कोणत्याही विद्यालयाचा पदवीधर नव्हता.

दुसऱ्याच वर्षी एक प्रसंग घडला. श्रूसबरीतील सेंट चॅड या जुन्या चर्चचे छप्पर गळत होते म्हणून पंचांनी टेलफर्डला बोलावले. त्याने छपरापेक्षा भिंतींकडे अधिक लक्ष दिले. खांबालगत थडगी खणून खणून पाया पोकळ झाला होता व भिंतींना तडे गेले होते. छप्पर राहू द्या, आधी खांब सावरा, असा सल्ला त्याने दिला. पंचांना वाटले, हा परका माणूस आपले काम वाढवू पाहतो आहे. त्यांनी त्याला वाटेला लावले आणि स्थानिक गवंड्याकडून स्वस्तात डागडुजी करून घ्यायचे ठरवले. जुलै १७८८ मधल्या एका पहाटे मनोऱ्यातल्या घड्याळाचे ठोके पडले, त्या हादऱ्याने मनोरा ढासळला आणि चर्चचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. आत कोणी नव्हते म्हणून जीवितहानी टळली. टेलफर्डचे नाव गावभर झाले. पण त्याला किती वाईट वाटले असेल याचा मी विचार करतो. ज्याचा सल्ला खरा ठरण्यासाठी इमारत पडावी लागते, त्या माणसाची कीर्तीही तशी कडवटच म्हणायची.

परगण्याचा सर्वेक्षक म्हणून त्याच्या वाट्याला पुलांचे काम आले. फेब्रुवारी १७९५ मध्ये सेव्हर्न नदीला महापूर आला व तिच्यावरचे अनेक जुने दगडी पूल वाहून गेले किंवा मोडकळीस आले. कोलब्रुकडेलजवळचा १७७९ मध्ये उभारलेला जगप्रसिद्ध लोखंडी पूल मात्र जागचा हलला नाही, कारण त्याच्या एकाच मोकळ्या कमानीतून पाणी निघून गेले. टेलफर्डने यावरून धडा घेतला. बिल्डवॉस येथे पडलेल्या पुलाच्या जागी त्याने १३० फूट लांबीची ओतीव लोखंडाची कमान उभी केली. आधीच्या लोखंडी पुलाची कमान सुमारे १०० फुटांची असून तिला ३७८ टन लोखंड लागले होते. टेलफर्डच्या लांब कमानीला १७३ टनच लागले. हा पूल १७९६ मध्ये पुरा झाला. परंतु त्या घाटातली जमीन सरकती असल्यामुळे त्याचे दोन्ही काठांवरचे आधार हळूहळू आत ढकलले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो उतरवून नवा बांधावा लागला. थोर शिल्पकाराचा पूल झाला तरी तो अमर नसतो.

विल्यम जेसप या ज्येष्ठ अभियंत्याच्या बरोबरीने त्याने वेल्समधील डी नदीवर कालव्याचे पाणी वाहून नेणारा पॉण्टकिसिल्टे हा लोखंडी जलसेतू बांधला. हे काम १८०५ मध्ये पुरे झाले. नदीपासून १२६ फूट उंचीवर, एक हजार फूट लांबीच्या लोखंडी पन्हळीतून तेथे नावा जातात. ही पन्हळ रिकामी करण्यासाठी तिच्या तळाला एक बूच आहे. दुरुस्तीच्या वेळी ते काढले की सारे पाणी धबधब्यासारखे खालच्या नदीत पडते. पुढेमागे कोणाला तरी येथे उतरून दुरुस्ती करावी लागेल, हे बांधतानाच गृहीत धरलेले!

यानंतर टेलफर्डच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम आले. स्कॉटलंडच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख त्या काळी दरिद्री होता. शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकले जात होते व घरेदारे सोडून लोक अमेरिकेची वाट धरत होते. नद्यांवर पूल नव्हते, तरीवर जीव मुठीत धरून नदी ओलांडावी लागे. सरकारच्या सांगण्यावरून टेलफर्डने १८०१ व १८०२ मध्ये हा मुलूख पायाखाली घातला आणि अहवाल दिला. त्यावरून १८०३ मध्ये पार्लमेंटने रस्ते व पूल यांसाठी एक आयोग नेमला. पैशाची योजना साधी होती. निम्मा खर्च सरकारने द्यायचा व निम्मा त्या भागातल्या जमीनदारांनी किंवा परगण्याने. ज्याच्या गावाला पूल हवा, त्याने आधी आपला वाटा जमा करून दाखवायचा. त्यामुळे खैरातीचे पूल झाले नाहीत आणि गरजेचे पूल अडलेही नाहीत.

पूल नसण्याची किंमत काय असते हे १८०९ च्या ऑगस्टमध्ये दिसले. डॉर्नक खाडीवर बाजाराला निघालेल्या लोकांनी खच्चून भरलेली नाव बुडाली आणि शंभराच्या आसपास माणसे प्राणास मुकली. त्या खाडीच्या वरच्या अंगाला बोनार येथे टेलफर्डने १८१२ मध्ये लोखंडी कमानीचा पूल बांधून दिला. सुमारे अठरा वर्षांत आयोगाने ९२० मैल रस्ते आणि लहानमोठे एक हजाराहून अधिक पूल बांधले.

पण मुख्य अडचण पुढेच होती. बांधण्यासाठी जमीनदारांनी उत्साहाने वर्गणी दिली. एकदा पूल झाला, गाड्या धावू लागल्या, की प्रत्येकाला वाटे आपले कर्तव्य संपले. डोंगरी मुलखात पावसाळी लोंढे चर खणतात, बर्फ वितळले की भराव खचतात, एक मोरी तुंबली की अख्खा रस्ता वाहून जातो. नवे रस्ते दहा वर्षांच्या आत उखडू लागले. एक फावडा माती वेळेवर टाकली असती तर भागले असते, तेथे शेकडो पौंडांचा खर्च येऊ लागला. बांधणीच्या कायद्यात राखणीची पुरेशी तरतूद नव्हती. म्हणून १८१० ते १८१९ या काळात पार्लमेंटला दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. आयोग मोडायचा नाही, त्याच्याकडेच देखभाल ठेवायची. खर्चाचा काही वाटा सरकारी अनुदानातून व उरलेला परगण्यांनी उचलायचा, अशी व्यवस्था झाली. अठराव्या शतकात जनरल वेड व त्याच्यानंतरच्या अधिकाऱ्यांनी बांधलेले जुने लष्करी रस्ते व पूलही १८१४ मध्ये आयोगाच्या हाती आले. ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. टेलफर्ड तोवर केव्हाच गेला होता.

कायदा कागदावर राहू नये म्हणून टेलफर्डने माणसे निवडली. जॉन मिचेल हा त्यांतला प्रमुख. मूळचा हाही गवंडीच. १८१० पासून तो मुख्य निरीक्षक होता. उन्हापावसात, हिमवादळात घोड्यावरून वर्षाकाठी हजारो मैल फिरून तो प्रत्येक मोरी, प्रत्येक कठडा पाहत असे. या दगदगीने तो १८२४ मध्ये वारला. त्याची जागा त्याच्या तरुण मुलाने घेतली. टेलफर्डची थडग्यापर्यंत कीर्ती झाली. मिचेलला त्याच्या मुलखाबाहेर फारसे कोणी ओळखत नाही. या लेखात त्याचे नाव यावे असे मला फार वाटले.

पैशाची सोय चुकली तर काय होते, याचे उदाहरण टेलफर्डच्याच एका सुंदर पुलाने दाखवले. टे नदीवरचा डंकेल्डचा दगडी पूल अॅथॉलच्या ड्यूकने पुढाकार घेऊन बांधवला. सरकारी मदत अपुरी पडली, ड्यूकने कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी पुलावर पथकर बसवला. पूल १८०९ मध्ये खुला झाला. वर्षे लोटली, ड्यूकच्या पिढ्या बदलल्या, पण नाका उठेना. चर्चला जायचे तरी पैसे, पुढे पलीकडच्या तीरावर रेल्वे स्टेशन आले तर गाडी पकडायलाही पैसे. कर्ज फिटले की नाही याचा हिशेब कोणी पटेल असा देईना. अखेर १८६८ मध्ये गावकऱ्यांनी दंगा केला आणि नाक्याची फाटके उखडून नदीत फेकली. लष्कर बोलवावे लागले. १८७९ मध्ये पूल सार्वजनिक ताब्यात गेला तेव्हाच पथकर बंद झाला. लोकांचा राग पैसे देण्यापेक्षा हिशेब न मिळण्यावर अधिक असावा, असे मला वाटते.

स्पे नदीवरील क्रेगेलाखी येथला पूल याच काळातला. १८१४ मध्ये पुरी झालेली त्याची सुमारे १५० फुटांची लोखंडी कमान आजही पाहणाऱ्याला नाजूक वाटते. ऑगस्ट १८२९ मध्ये स्पे नदीला न भूतो असा पूर येऊन पाणी साडेपंधरा फूट चढले. बाजूच्या पोचमार्गाचे नुकसान झाले, मुख्य कमान टिकली. त्याच धाटणीचा बोनारचा पूल मात्र १८९२ च्या पुरात वाहून गेला. क्रेगेलाखीचा पूल १९६३-६४ मध्ये दुरुस्त करण्यात आला, १९७२ पर्यंत त्याने मोटारींची वाहतूक सोसली आणि शेजारी नवा पूल झाल्यावर पायी जाणाऱ्यांसाठी तो राखून ठेवला गेला. वयोमानाप्रमाणे भार कमी करणे हीही देखभालच.

टेलफर्डचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे मेनाय सामुद्रधुनीवरचा झुलता पूल. १८०१ मध्ये आयर्लंड ब्रिटनला जोडले गेले आणि तेथल्या लोकप्रतिनिधींना लंडनला येण्यासाठी वेल्समधून होलिहेडचा रस्ता लागू लागला. तो रस्ता अनेक लहान लहान पथकर मंडळांच्या हाती होता, आणि कोणालाच तो नीट राखणे परवडत नव्हते. अखेर सरकारने १८१५ नंतर सुधारणेचा भार स्वतःकडे घेतला. सामुद्रधुनीत तर गुरे पोहूनच पलीकडे न्यावी लागत. नौदलाची अट अशी, की जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी भरतीच्या पाण्यावर १०० फूट जागा मोकळी हवी. टेलफर्डने दोन दगडी मनोऱ्यांमधून घडीव लोखंडाचे सोळा साखळदंड ओवून ५७९ फुटांचा गाळा लटकवला. प्रत्येक सळई ताणून तपासली, तापवून जवसाच्या तेलात बुडवली, म्हणजे गंज धरू नये. ३० जानेवारी १८२६ च्या पहाटे लंडनची टपालगाडी पुलावरून गेली.

उद्घाटनानंतर काही दिवसांतच वादळाने पूल हेलकावे खाऊ लागला आणि काही सळया तुटल्या. टेलफर्डने लगेच त्या बदलून मजबूत केल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८३९ च्या वादळात लाकडी रस्त्याचे मोठे नुकसान झाले. तो त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या प्रॉव्हिसने पुन्हा बसवला. १८९३ मध्ये लाकडाच्या जागी पोलाद आले. मोटारींच्या युगात साखळ्यांना भार पेलेना, बसमधल्या उतारूंना उतरून पूल पायी ओलांडावा लागे. तेव्हा १९३८ ते १९४१ या वर्षांत वाहतूक चालू ठेवूनच सगळे साखळदंड पोलादी केले गेले आणि पथकरही उठवण्यात आला. पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये तपासणीत टांगत्या सळयांचा भरवसा वाटेना म्हणून पूल अचानक बंद करण्यात आला आणि तात्पुरती मजबुती केल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. म्हणजे आज जो टेलफर्डचा पूल म्हणून लोक पाहतात, त्यात मनोरे त्याचे आहेत. रस्ता, साखळ्या व सळया पुढच्या पिढ्यांच्या आहेत. तरी पूल त्याचाच आहे, आणि त्यांचाही आहे.

या माणसाचा मोठेपणा मला आणखी एका ठिकाणी दिसला. ग्लॉस्टरजवळ ओव्हर येथे सेव्हर्नवर त्याने १५० फुटांची दगडी कमान बांधली. आधाराचा लाकडी सांगाडा काढताच कमानीचा माथा दहा इंच खाली बसला. एका बाजूच्या पायात आपण पैसे वाचवायला नको होते, हे त्याने लपवले नाही. उलट सलत्या मनाने लिहून ठेवले. त्या खचलेल्या कमानीने तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रहदारी पेलली.

टेलफर्डने लग्न केले नाही. त्याचे घर म्हणजे तरुण अभियंत्यांचे वसतिगृहच होते. सिव्हिल इंजिनिअरांची संस्था लंडनमध्ये स्थापन झाल्यावर १८२० मध्ये तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. राजकवी रॉबर्ट साउदी १८१९ मध्ये त्याच्याबरोबर डोंगराळ मुलखातून सहा आठवडे फिरला व कायमचा मित्र झाला. २ सप्टेंबर १८३४ रोजी टेलफर्ड निवर्तला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले. मृत्युपत्रात त्याने साउदी आणि टॉमस कॅम्बेल या दोन कवींना पैसे ठेवले; वेस्टरकर्क व लँगहोम येथल्या वाचनालयांना प्रत्येकी १००० पौंड दिले, आणि त्यांच्या व्याजातून पुस्तके घेण्याची योजना केली.

या शेवटच्या देणगीत मला सबंध टेलफर्ड दिसतो. इमारत बांधून तीवर आपले नाव घालणे त्याला सहज जमले असते. त्याने मुद्दल ठेवले, म्हणजे पुस्तके दर वर्षी येत राहतील. पुलांच्या बाबतीतही त्याचे म्हणणे हेच होते. बांधण्याच्या दिवशीच विचारावे, की याची मुद्दल कोठे आहे आणि व्याज कोणाच्या हाती येणार आहे. वर्षातून एकदा याच्या कमानीखाली उतरून पाहणारा माणूस कोण, आणि त्याने तडा दाखवला तर त्याचे ऐकणार कोण? श्रूसबरीच्या पंचांनी ऐकले नाही. आपणही उद्या कोणी ग्रामपंचायतीत, कोणी नगरपालिकेत, कोणी सरकारी कचेरीत बसणार आहोत. तेथे एखादा साधा गवंडी तडा दाखवायला येईल, तेव्हा तो आपले काम वाढवायला आला आहे असे आपल्याला वाटू नये, म्हणून हे चरित्र मी सांगितले.